सासू वितळवण्याची रीत

“बाई, तार जोडून द्यायची आणि कान काढून घ्यायचा! कान तिथेच विसरायचा नाही!”

अक्का टेलिफोन बोर्डावर नोकरीला लागल्या, त्या पहिल्याच दिवशी तिथल्या मोठ्या बाईंनी त्यांना हे बजावलं होतं. त्या मोठ्या बाई आता नाहीत, ती कचेरी नाही, तो बोर्ड तर कधीच भंगारात गेला. आवाज मात्र अक्कांच्या डोक्यात अजून खणखणीत आहे. त्यातलं तार जोडण्याचं काम अक्कांनी निवृत्तीपर्यंत इमानेइतबारे केलं. कानाबद्दल न बोललेलं बरं!

आणि याचा त्यांना पस्तावा होता म्हणाल, तर छे! उलट अभिमान होता. “मला एका बाजूचं बोलणं ऐकवा, दुसऱ्या बाजूचं मी सांगते,” असं त्या मऊ आवाजात, पण ठासून सांगायच्या. कुणी फोनवर नुसतं ‘हो... बरं... मग?’ एवढं म्हणालं, तरी पलीकडच्याचं लग्न ठरलंय की पोट बिघडलंय हे अक्का ओळखत. एकदा मुलाने फोनवर फक्त ‘हं’ म्हटलं आणि अक्का म्हणाल्या, “कुणीतरी अडकलंय रे!” खरंच अडकलं होतं! आता, मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला फोन येतो तो कुणीतरी अडकल्याचाच येतो, ही गोष्ट वेगळी.

एरवी अक्का म्हणजे अगदी सात्त्विक. रोज सकाळी उठल्यापासून जप पुरा होईपर्यंत त्यांचं मौन. दूध उतू जावो, दारावरची घंटा वाजो, जप संपेतो ओठांतून अक्षर काढायचं नाही, हा नेम. यात अडचण एवढीच, की तोंड मिटलं की माणसाचे कान जास्तच उघडतात. त्यातून अक्कांची खोली न्हाणीघराला लागून, मध्ये एक पातळ भिंत आणि वर झरोका. आणि सून रोज बरोबर त्याच वेळेला न्हाणीघरात आरशासमोर उभी राहून फोनशी बोलायची.

सून चष्म्यांच्या दुकानात कामाला. कुठल्या चेहऱ्याला कुठली फ्रेम शोभेल हे ती माणूस दारातून आत येईपर्यंत ठरवून टाकायची. चेहऱ्यांचाच नाद म्हणायचा. पण दुकान सुटलं की तिला दुसरा नाद होता, तो रंगांचा. नावाजलेल्या कंपन्यांच्या डब्यांना ती हातही लावत नसे. कुणी घरच्या ओट्यावर मेण आणि तेल कालवून बनवलेल्या लिपस्टिका, कुणी माळ्यावर बाटल्या भरून विकलेली सीरमं, अशी पार्सलं तिच्याकडे येत. ती लावून बघायची, बनवणारीला खरं-खोटं कळवायचं, आणि मग त्यातून एक ‘लूक’ करायचा. लूक म्हणजे काय, हे अक्कांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं. न्हाणीघरात शिरलेली सून आणि बाहेर आलेली सून या दोघी एकमेकींच्या नात्यातल्या असाव्यात, इतपतच साम्य उरायचं! कधी पापण्या हिरव्या, कधी गाल असे की कुणीतरी दोन्हीकडून चापट्या मारल्यात. मनगटापासून कोपरापर्यंत तर रंगांचे पट्टे, रंगाऱ्याने भिंतीवर नमुने मारून ठेवावेत तसे.

अक्कांची त्याला हरकत नव्हती. हरकत आली ती त्या सकाळी, झरोक्यातून पहिलं वाक्य आलं तेव्हा.

“नणंद फार झोंबते गं! नुसती समोर आली तरी डोळ्यांतून पाणी!”

अक्कांच्या हातातली जपमाळ थांबली. सुनेची नणंद म्हणजे अक्कांची लेक. लेक जरा तिखट होती, हे मान्य. मागच्या भेटीत पडद्यांवरून बोलली होती, हेही मान्य. पण डोळ्यांतून पाणी?

“रोजच्याला नकोच ती,” सून सांगत होती. “कधीतरी समारंभापुरती ठीक आहे. आणि काम झालं की लगेच काढून टाकायची.”

पलीकडची बाजू अक्कांनी जागच्या जागी लावून टाकली. पलीकडे सुनेची ती लिपस्टिका बनवणारी मैत्रीण असणार, आणि ती म्हणत असणार, ‘घरातच घेऊ नकोस तिला!’ अक्कांनी दातांवर दात ठेवले आणि पुढचा मणी ओढला.

दुसऱ्या दिवशी झरोका म्हणाला, “थोरली जाऊ मात्र झकास! एकदा बसली की दिवसभर हलत नाही!”

यावर अक्कांच्या हातून माळच निसटली. थोरली जाऊ? मुलगा एकुलता एक! सुनेला थोरली जाऊ असायची तर तिला थोरला दीर हवा, आणि थोरला दीर असायचा तर...

अक्कांनी सावकाश मान वर करून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. फोटोत अक्कांचे यजमान मिशीतल्या मिशीत हसत होते. जिवंतपणी ते दुकानादुकानांतले वजनकाटे तपासत गावोगाव हिंडत. फिरतीची नोकरी! महिन्यातले कितीतरी दिवस बाहेर! ‘काटा बिघडलाय, मुक्काम वाढला’ असे निरोप अक्कांनी किती वेळा घेतले होते! आणि दुसऱ्याच्या तारेवर कान ठेवणाऱ्या अक्कांनी स्वतःच्या तारेवर कधी संशय घेतला नव्हता.

मौन होतं म्हणून, नाहीतर अक्का फोटोशी काय बोलल्या असत्या कोण जाणे. त्यांनी नुसता फोटो उचलला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला.

अशा गोष्टी मनात ठेवून चालत नाहीत. खालच्या मजल्यावर नर्सबाई राहत. निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी समोरचा माणूस धडधाकट आहे हे त्यांना पटत नसे. तिसऱ्या दिवशी अक्कांनी जप संपताच जिना उतरून सगळं सांगितलं.

“नणंद, जाऊ... आणखी कुणाबद्दल काय म्हणाली?” नर्सबाईंनी डोळे बारीक केले.

“जाऊ द्या हो.”

“अक्का, मी अर्धवट इंजेक्शन कुणाला दिलं नाही. पुरं सांगा.”

“आज सकाळी... शेजारणीबद्दल बोलत होती.”

या इमारतीत शेजारीण म्हणावी अशी बाई एकच होती, आणि ती हातात कप धरून समोर बसली होती.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, शेजारीण नुसती चमकते. जवळून बघितलं तर सगळ्या सुरकुत्या दिसतात.”

“बरं!”

“आणि म्हणाली... पुसली तरी जात नाही.”

नर्सबाईंनी कप इतक्या जोरात ठेवला की बशीने हाय खाल्ली. “पुसली तरी जात नाही? अहो, मी तुमच्याकडे येते ती तुमचं ब्लडप्रेशर बघायला! अक्का, ही साधी बाब नाही. ही मुलगी एकेकीला निकालात काढत चाललीय. आता कोण उरलं, सांगा!”

कोण उरलं, हे उघडच होतं. नर्सबाईंनी अक्कांकडे ज्या नजरेने पाहिलं, तशा नजरेने त्या पूर्वी खाटेवरच्या पेशंटकडे बघत असाव्यात.

आणि दुसऱ्या सकाळी उरलेलीही आली.

“अगं, सासूची तर कमाल झालीय! पार दगड! किती घासलं तरी काही उमटत नाही. नखाने टोचून बघितलं, ढिम्म!”

अक्कांचं मौन त्या दिवशी मौन नव्हतं, वाचाच बसली होती.

“हो, मीही तेच म्हणते, वितळवायलाच हवी. नाही नाही, थेट आचेवर नको, जळून जाईल. गरम पाण्यात ठेवून हळूहळू. सुट्टीच्या दिवशी करते. नवरा धरेल ना! त्याचा हात थरथरत नाही. मग गार झाली की डबीत भरते.”

डबीत!

अक्कांनी उठायला म्हणून हात टेकला तो नेमका पाण्याच्या तांब्यावर. खण्णकन आवाज झाला. न्हाणीघराचं दार उघडलं आणि सून धावत आली. एक डोळा निळा, दुसरा साधा. “आई? काही हवंय का?”

अक्कांनी मानेनेच ‘नाही’ म्हटलं. सुनेने तांब्या उचलून ठेवला, जाता जाता वळली आणि अगदी गोड हसून म्हणाली, “आई, सुट्टीच्या दिवशी सकाळी कुठे जाऊ नका हं. घरीच थांबा.”

नर्सबाईंनी हे ऐकून पहिला प्रश्न विचारला, तो अक्कांच्या मनातही आला नव्हता. “ती तुम्हाला काही लावायला देते का? तोंडाला?”

देत होती! झोपण्याआधी लावायचं एक क्रीम. मैत्रिणीनेच बनवलेलं. सून म्हणाली होती, “आई, हे रोज लावत जा, मऊ पडाल.”

“मऊ पडाल?” नर्सबाई उभ्याच राहिल्या. “आधी मऊ करतायत!”

त्यानंतर अक्कांच्या घरात एक अजब पथ्य सुरू झालं. क्रीम दाराच्या बिजागरीला. सुनेच्या हातचं जेवण आधी मुलाच्या ताटात सरकवायचं आणि त्याच्याकडे टक लावून बघायचं. “आई, मी जेवतोय, की परीक्षा देतोय?” असं तो म्हणे, पण पुढचा घास घेई. आणि सकाळचा चहा खिडकीतल्या मनीप्लांटला. वाफाळता, साखर घातलेला चहा! तो मनीप्लांट बिचारा, आजवर नुसत्या नळाच्या पाण्यावर सुखात होता. आठवडा उलटायच्या आत त्याने माना टाकल्या.

“बघा!” नर्सबाईंनी वाळलेलं पान चिमटीत धरून उजेडात नेलं. “झाडाने जीव सोडला, तिथे तुम्ही किती दिवस काढणार?”

तरीही अक्कांना एक आशा होती, मुलाची. त्यांनी त्याला जिन्यात गाठलं. हा माणूस आधीच अबोल. त्याचं बोलणं बहुतेक वेळा दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेलं असायचं.

“अरे, एक विचारू? सुट्टीच्या दिवशी तू काय धरणार आहेस?”

मुलगा दचकला. “तुला कसं कळलं?”

“म्हणजे धरणार आहेस?”

“पातेलं,” तो म्हणाला. मग घाईने म्हणाला, “आई, तुला माहीत आहे हे तिला सांगू नकोस हं. ती म्हणालीय, आईला आधी कळलं तर ती बसणारच नाही!” आणि अवजारांची पिशवी खांद्याला लावून दडदड खाली उतरून गेला.

अक्का जिन्याच्या पायरीवरच बसल्या. आपण म्हातारे झालो, उरकलो, इथवर त्यांची काही तक्रार नव्हती. देवाने बोलावलं तर त्या जायला तयार होत्या. पण पातेल्यातून नव्हे! आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षाही दुसरंच काहीतरी टोचत होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर याच सुनेने त्यांना चष्मा करून दिला होता. दुकानात समोर बसवून, पुन्हा पुन्हा काड्या वाकवून, नाकावर बोट फिरवून फिरवून. आयुष्यात पहिल्यांदा अक्कांच्या नाकावरून न घसरणारा चष्मा! मनात एवढं काळंबेरं होतं, तर मग चष्मा इतका जिवापाड का बसवला? लेकीकडे निघून जावं, असं मनात आलं. त्यांनी पिशवीही काढली. पण पिशवीत पहिली वस्तू ठेवायची ती चष्म्याची डबी. ती हातात घेतली, आणि पिशवी तशीच मिटून खाटेखाली सरकवली.

“जाऊ नका,” नर्सबाईही म्हणाल्या. “रंगेहाथ पकडू! तुमच्या स्वयंपाकघराखाली माझी खोली आहे. काही वेडंवाकडं दिसलं, की पाय आपटा. मी आलेच.”

सुट्टीचा दिवस उजाडला. अक्कांचा जप अजून निम्माही झाला नव्हता, एवढ्यात सून खोलीच्या दारात आली.

“आई, माळ घेऊनच या. तुमचं मौन आहे तेच बरं आहे, तोंड हललं की सगळं बिघडतं.”

स्वयंपाकघरात ओट्याजवळ खुर्ची मांडलेली. गॅसवर पातेलं, पातेल्यात उकळतं पाणी, पाण्यात एक वाटी, आणि वाटीत रक्तासारखं लालभडक काहीतरी हलत होतं. मुलगा चिमट्याने वाटी धरून उभा, खरंच, हात जराही थरथरत नव्हता! साखरेच्या बरणीला टेकवून फोन उभा केलेला. सुनेच्या हातात बारीक कुंचला.

“बसा आई. मान मागे. डोळे मिटा.”

अक्का बसल्या. देवाचं नाव मनात घेतलं.

“झाली का मऊ?” सुनेने नवऱ्याला विचारलं.

“हं.”

“मग आण इकडे. आई, घाबरू नका हं, क्षणभर गरम लागेल. मग काही कळणार नाही!”

अक्कांनी दोन्ही पाय जमिनीवर असे आपटले की फडताळातली भांडी बोलू लागली. खालून “आले! आले!” अशी आरोळी आली, जिना धडधडला, आणि दार ढकलून नर्सबाई आत घुसल्या. हातात फरशी पुसायची भरलेली बादली! “वाटी खाली ठेव!” म्हणत त्यांनी ती बादली गॅसच्या दिशेने रिकामी केली. निम्मं पाणी गॅसवर पडलं, निम्मं मुलावर. न थरथरणारा हात अखेर थरथरला! वाटी उडाली, भिंतीवर आपटली, लाल रंगाचा एक फवारा छतापर्यंत गेला, आणि नर्सबाई त्याच पाण्यावरून घसरून थेट ओट्यापर्यंत आल्या.

“रक्त!” मुलाच्या शर्टाकडे बघून त्या ओरडल्या. बसल्या जागेवरून त्यांनी त्याचा दंड पकडला आणि फडक्याने करकचून आवळला. “दाबून धरा! हात वर करा!”

“अहो, मला काही झालेलं नाही!”

“पेशंट असंच म्हणतो!”

इतक्यात साखरेच्या बरणीजवळून एक बारीक आवाज आला. “हॅलो? काय झालं? आवाज कसला? सासू पडली का?”

“सासू भिंतीवर उडाली!” सून कळवळून ओरडली.

“सगळी?”

“थोडी नर्सबाईंच्या केसांत आहे!”

आणि मग जे कधी झालं नव्हतं ते झालं. जप पुरा व्हायच्या आधी अक्कांच्या तोंडून शब्द फुटला.

“मी इथेच आहे!”

छतावरून एक लाल थेंब टपकला.

“तुम्ही आहातच की, आई,” सून गोंधळून म्हणाली. “उडाली ती लिपस्टिक. तिचं नाव ‘सासूबाई’.”

फोनमधून मैत्रिणीने उत्साहाने पुढचं पुरवलं. तिने नवीन माल काढला होता, आणि त्याला नाव दिलं होतं ‘घरची मंडळी’. ‘नणंद’ म्हणजे डोळ्यांत घालायची रेघ. ‘मावशी’ म्हणजे रात्री लावायचं क्रीम. आज संध्याकाळी एका सभागृहात छोट्या छोट्या बनवणाऱ्यांची विक्री भरणार होती, तिथे ती पहिल्यांदा टेबल मांडणार होती.

“आणि थोरली जाऊ?” अक्कांनी घाईघाईने विचारलं. एवढ्या सगळ्यात त्यांना आधी हेच कळायला हवं होतं.

“तीही लिपस्टिकच. तपकिरी,” सून म्हणाली. “का?”

“काही नाही.” अक्का उठल्या, खोलीत जाऊन आल्या. मुलाने दारातून डोकावून पाहिलं. “आई, बाबा एवढे दिवस भिंतीकडे तोंड करून का बसले होते?”

“शेजारीण?” नर्सबाईंनी खालूनच दरडावून विचारलं.

“गालांवर लावायची चकाकी. खूप छान आहे, फक्त पसरते जरा.”

“हं,” नर्सबाई म्हणाल्या, आणि मुलाच्या दंडाची गाठ सोडू लागल्या.

मग हसण्याची जी लाट आली, ती काही आवरेना. फोनमधली मैत्रीण हसत होती, भिजलेला मुलगा हसत होता, सून तर ओट्याला धरून हसत होती. “अय्यो, आई! म्हणजे तुम्हाला वाटलं, मी तुम्हाला उकडणार? आणि डबीत भरणार?”

“अगं, पुरावा होता ना!” नर्सबाई जोशात येऊन म्हणाल्या. “ते झाडच नाही का मेलं, तुझ्या चहाने!”

सून हसायची थांबली.

“माझ्या चहाने?” तिने खिडकीतल्या वाळक्या वेलाकडे पाहिलं, मग अक्कांकडे. “आई, तुम्ही माझ्या हातचा चहा झाडाला घालत होतात? रोज?”

अक्कांनी मान खाली घातली.

“मला वाटायचं, तुम्ही किती पटकन संपवता. कप असा रिकामा बघून बरं वाटायचं मला.” सून हळूच खाली बसली, ओल्या फरशीवरच. “गंमत म्हणून वाटलं असेल असं समजत होते मी. तुम्हाला खरंच वाटलं होतं.”

फोनमधली मैत्रीण आता अडखळत बोलू लागली. “काकू, एक सांगू का? मी पहिल्यांदा ‘सासूबाई’ काळपट केली होती. जराशी बोचरी. लोकांना हसू येईल म्हणून. हिने परत पाठवली. पुन्हा केली, पुन्हा परत! म्हणाली, माझी सासू अशी नाहीये. तिचा रंग मऊ हवा, आणि दिवसभर टिकणारा हवा. तो रंग जमेपर्यंत हिने माझं डोकं खाल्लं! आणि आज तिथे तो तुमच्याच ओठांवर लावून दाखवायचा होता.”

“राहू दे गं,” सून म्हणाली. “मऊ केलेला नमुना एकच होता, तो गेला. आणि आई, तुम्ही येऊ नका. नसेल विश्वास तर चेहरा कशाला पुढे करायचा?” ती उठली आणि तोंड फिरवून पाणी पुसू लागली.

अक्कांनी भिंतीकडे पाहिलं. लाल रंग थिजत आला होता. त्यांनी चमचा घेतला, स्टूल ओढलं, आणि भिंतीवरची सासू अलगद खरवडून वाटीत काढायला सुरुवात केली. वरचा वरचा थर तेवढा घ्यायचा, चुना येऊ द्यायचा नाही, असं करत. नर्सबाईंनी निमूटपणे आपल्या केसांतली काढून दिली, पण ती अक्कांनी घेतली नाही.

“लेका, पाणी ठेव गरम करायला,” त्या म्हणाल्या. मग सुनेच्या पाठीकडे बघून म्हणाल्या, “मी संध्याकाळी येणार. हाकललंस तरी येणार. आणि तुला एक शब्द देते. अर्धवट कानावर पडलेलं यापुढे मनात साठवायची नाही. जिथलं असेल तिथे जाऊन, तिथल्या तिथे पुरं करीन.”

“माझ्याबद्दलचं?” सुनेने वळून न बघता विचारलं.

“कुणाबद्दलचंही.”

“आणि मौनात असलात तर?”

अक्कांनी विचार केला. हा सौदा देवाशी होता. “तर देवाची माफी मागेन, आणि पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू करीन.”

सुनेने गॅस पुसला, दुसऱ्या शेगडीवर चहा टाकला, गाळला, कप अक्कांसमोर आणून ठेवला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. अक्कांनी कप उचलला आणि एका दमात रिकामा केला.

“गरम होता ना?” सुनेने विचारलं.

“होता,” अक्का म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. जीभ भाजली होती.

“फुंकायचा तरी,” सून म्हणाली, आणि त्यांच्यासाठी गार पाणी आणायला वळली. तेव्हा कुठे अक्कांना बरं वाटलं.

संध्याकाळी सभागृहात ही गर्दी! टेबलांवर डब्या, बाटल्या, आरसे, आणि आरशांसमोर ओठ चंबू करून उभ्या बायका. ‘घरची मंडळी’च्या टेबलामागे मैत्रीण, आणि शेजारी उंच खुर्चीवर अक्का. चष्मा उतरवलेला, केस मागे बांधलेले, चेहऱ्यावर अगदी पुसटसा हात फिरवलेला. ज्या बाईने जन्मात ओठांना पाण्याशिवाय काही लावलं नव्हतं, ती पापणीही न लववता बसली होती. सून कुंचल्याने वरचा ओठ रंगवत होती. मधेच म्हणाली, “थोडा चुना लागलाय बहुतेक,” आणि पहिल्यांदा मनमोकळं हसली.

वरचा ओठ पुरा झाला आणि सून कुंचला पुसायला वळली, इतक्यात टेबलाशी एक तरतरीत तरुणी थांबली. तिने मैत्रिणीने मांडलेली एक कांडी मनगटावर घासून बघितली. “सासूबाई फार कडक आहे हो!”

आता या विषयात अक्कांइतकं जाणतं तिथे कोण होतं? त्या पुढे वाकल्या आणि मायेने म्हणाल्या, “सुरुवातीला असतेच कडक. घाबरायचं नाही. सासू गरम पाण्यात उभी धरायची, थेट आचेवर ठेवायची नाही, जळते. वितळली की तेलाचे थेंब घालून ढवळायची, आणि गार झाली की डबीत भरायची. नवऱ्याला धरायला सांगायचं. माझ्या सुनेने माझ्या डोळ्यांदेखत केलंय.”

“अय्या, इतकं सोपं? घरी गेल्या गेल्या करते!” तरुणी खूश झाली आणि पुढच्या टेबलाकडे वळली.

तिच्याबरोबरच आलेली एक म्हातारी मागे, खांबाआड उभी होती. पर्स छातीशी धरलेली, कान पुढे केलेला. तिने तरुणीच्या पाठीकडे पाहिलं. तिच्या तोंडावरचा रंग झरझर उतरला. मग ती एक पाऊल मागे सरली, आणखी एक, आणि भिंतीच्या कडेकडेने दाराकडे निघाली.

चष्मा नव्हता, तरी अक्कांना तो चेहरा ओळखता आला. गेला आठवडाभर रोज आरशात तोच तर बघत होत्या!

“आई, हलू नका,” सून कुंचला घेऊन परत आली. “खालचा ओठ राहिलाय.”

अक्कांनी तिचा हात हलकेच बाजूला केला. खुर्चीवरून उतरल्या, वाटेतल्या बायकांना ओलांडलं, आणि एक ओठ लालभडक, दुसरा कोरा, अशा अवतारात पावलांचा आवाज न करता दाराकडे चालू लागल्या.

दारातून म्हातारीने एकदाच मागे वळून पाहिलं, आणि ती झपाझप चालू लागली.

अक्काही.